पहिल्या तीन इन्गॉटची बादलीच करावी

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये पहिले 3 आयर्न इन्गॉट (लोखंडाच्या लगडी) हाती येताच तुमच्या मुलीने पिकॅक्स (खणायची कुदळ) न करता बादली केली, ते लोखंड वाया गेलं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही, तिने बरोबर केलं. आयर्न पिकॅक्सलाही 3च इन्गॉट लागतात आणि हिरे फोडायला ती लागतेच, पण हिरे सापडेपर्यंत बराच वेळ जातो. बादली मात्र लगेच कामाला लागते.

सगळ्यात आधी शेती. पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना 4 ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो, म्हणजे मध्ये एक बादली ओतली की भोवती 80 ठोकळ्यांवर गहू घेता येतो. नदी लांब असेल तर 2 बाय 2 चा खड्डा खणायचा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतायची. मग त्यातून कितीही उपसा, तो खड्डा आटत नाही.

दुसरं म्हणजे जीव वाचतो. उंचावरून पडताना जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी खाली पाणी ओतलं तर इजा होत नाही. याचा सराव आधी कमी उंचीवरून करायला सांगा आणि बादली हॉटबारमध्ये (स्क्रीनच्या तळाशी दिसणाऱ्या हाताशी असलेल्या वस्तूंच्या रांगेत) कायम एकाच जागी ठेवायला लावा. ऐन वेळी शोधत बसलं की उशीर झालाच. एक मात्र तिला नक्की सांगा: नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या दुनियेत, पाणी ओतताच वाफ होऊन जातं, तिथे या युक्तीवर विसंबायचं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो लाव्हा. साचलेल्या लाव्ह्यावर पाणी सोडलं की ऑब्सिडियन हा कठीण काळा दगड तयार होतो. तो फोडायला हिऱ्याची पिकॅक्स लागते, पण बादली असेल तर फोडायची गरजच पडत नाही. लाव्हा एकेक बादली उचलून हव्या त्या जागी ओतायचा आणि तिथेच पाण्याने थिजवायचा. कोपरे सोडले तर 10 ठोकळ्यांत नेदर पोर्टलची, म्हणजे नेदरमध्ये जायच्या दाराची, चौकट उभी राहते. हे ज्या मुलाला जमलं, त्याला खेळ समजला असं मी मानतो. भट्टीत इंधन म्हणूनही लाव्हा उत्तम: एका बादलीत 100 वस्तू वितळतात, कोळशाच्या एका तुकड्यात 8. शिवाय रिकामी बादली परत मिळते. गायीचं दूध विष उतरवतं, पण पोशनचे (जादूच्या काढ्यांचे) चांगले परिणामही त्यासोबत जातात. मासे आणि ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा सरड्यासारखा प्राणी) बादलीत भरून घरी आणता येतात.

घरच्या बादलीवरून तिला काही शिकवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. जरूर येईल. खेळातला ठोकळा 1 मीटर बाजूचा, म्हणजे त्यात पाणी मावतं 1000 लिटर, वजन एक टन. घरची 20 लिटरची बादली त्यासाठी 50 वेळा भरावी लागेल. हे गणित तिलाच करू द्या. बादलीवर छापलेलं माप बहुतेक वेळा काठोकाठचं असतं, म्हणून 1 लिटरच्या बाटलीने पाणी घालत आतून खुणा करून घ्या.

मग तीच बादली नळाखाली धरून वेळ मोजा. गावाकडे बोअरला 'दोन इंची पाणी लागलं' असं सांगतात, त्यावरून पिकाचं नियोजन होत नाही. 20 लिटरची बादली 8 सेकंदांत भरली तर तासाला 9000 लिटर, हा आकडा कामाचा. फक्त पंप सुरू केल्या केल्या मोजू नका. आधी बोअरमध्ये साठलेलं पाणी येतं आणि धार फसवी असते. पातळी स्थिर होईपर्यंत पंप चालू द्या, मग दोन-तीनदा मोजून सरासरी काढा.