गोळीनं मारलेल्या हरणाचा खिमा गरोदर मुलीला चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी अमेरिकेत नॉर्थ डकोटात, तिसरा महिना चालू. शेजारी दर नोव्हेंबरात शिकारीला जातो आणि हरणाच्या खिम्याची पाकिटं आणून देतो. तिनं तो दोन-तीनदा खाल्ला, आणि गोळीतल्या शिशाचं कुणी तरी बोलल्यापासून इकडे लातुरात तुमच्या डोळ्याला डोळा नाही. मी डॉक्टर नाही. परभणीत वीस वर्षं एक्स-रे काढतोय, त्यामुळं शिसं फिल्मवर कसं दिसतं ते मात्र पक्कं ठाऊक आहे.

उरलेली पाकिटं तिनं खाऊ नयेत. खाल्लं त्याचा घोर लावून घेऊ नका.

मागे जिंतूरकडचे एक आजोबा खुबा दुखतो म्हणून आले होते. फिल्म बघतो तर मांडीत ज्वारीचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके! विचारलं तर हसायलाच लागले. तरुणपणी सशाच्या नादात सोबत्याची ठासणीची बंदूक यांच्यावरच उडाली होती. ते छर्रे. गोल, मोजून घ्यावेत असे. असला छर्रा मटणात राहिला तर दाताखाली कचकन येतो आणि माणूस थुंकून टाकतो.

हरणाच्या गोळीचं तसं नसतं. आत मऊ शिसं, वरून तांब्याचं पातळ आवरण. हाडावर आदळली की फुटते आणि तिचा चुरा जखमेपासून वीतभर लांबच्या मासातही जाऊन बसतो. तो ना डोळ्याला दिसतो ना जिभेला कळतो. मटण धुतलं तर पाण्याबरोबर इकडचा तिकडे पसरतो. खिम्याच्या मशीनमध्ये तर सगळं एकजीवच होतं.

योगायोग असा की हे प्रकरण गाजलं तुमच्या मुलीच्याच राज्यात. 2008 मध्ये तिथल्या बिस्मार्क शहरातल्या एका डॉक्टरांनी, ते स्वतः शिकारी, गोरगरिबांना वाटायला दान आलेल्या हरणाच्या खिम्याची शंभरेक पाकिटं स्कॅनखाली घातली. निम्म्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण दिसले. (आमच्या धंद्यातल्या माणसाला खिम्याचा स्कॅन काढायचं आधी का सुचलं नाही, कोण जाणे.) मग तिथल्या 738 लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मटण खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं न खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं, पण फरक डेसिलिटरमागे 0.3 मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेव्हा काळजीची रेघ 10 वर होती, ती एकानंही ओलांडली नव्हती. आता लहान मुलांसाठी तीच रेघ तिकडे 3.5 वर आणली आहे. म्हणून म्हणतो, दोन-तीन जेवणांनी घाबरून जाऊ नका.

तरीही त्या राज्याच्या आरोग्य खात्यानं गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुलं यांना शिशाच्या गोळीचं हरीण नकोच म्हणून सांगितलं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवून ठेवतं, आणि ते नाळेतून बाळापर्यंतही पोचतं. बाळाच्या मेंदूला अमुक इतकं शिसं चालतं, असा आकडा कुणीच देत नाही.

तुम्ही विचारलंय, दही-लिंबू लावून रात्रभर ठेवलं तर विष उतरतं का? उलटं होतं. आंबटात शिसं विरघळतं. स्पेनमध्ये लावे पक्षी व्हिनेगर घालून शिजवून बघितले, तर मासात उतरलेलं शिसं वाढलं. रानातल्या मटणाचा उग्र वास जावा म्हणून आपण दही, लिंबू, चिंच लावतो, इथं तेच अंगाशी येतं. आणि येसूर घालून कितीही उकळा, धातू काही जळून जात नाही.

शेजाऱ्याला तोडायची गरज नाही. गोळी निखळ तांब्याची होती का, एवढं विचारायला सांगा. काही जण बाणानंही शिकार करतात, त्यातही शिशाचा प्रश्न येत नाही. पण खिमा बाहेरच्या खाटकाकडून करून आणला असेल तर दुसऱ्यांची हरणं त्यात मिसळलेली असू शकतात, तेव्हा तोही नको. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना हे सांगून रक्तातलं शिसं बघायला लावावं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत; ते कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं.

इथं खाली प्रतिक्रियांत कुणी तरी ‘आम्ही रानडुक्कर खातो, आम्हाला काही झालं नाही’ असं लिहीलच. आपल्याकडे विनापरवाना शिकार 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवून लिहा बाबांनो.

आणि ताई, तुम्ही बाळंतपणाला जाणार म्हणताय, तर तुमच्या सामानाचंही बघा. पितळी पातेलं नेणार असाल तर कल्हईवाल्यानं निव्वळ कथील वापरलं का ते विचारा, कारण स्वस्तात पडावं म्हणून त्यात शिसं मिसळतात. सुट्टी, जास्तच पिवळीधमक हळद नेऊ नका. रंगासाठी शिशाचं क्रोमेट घातल्याची प्रकरणं सापडली आहेत. बाळाच्या डोळ्यांत घालायला सुरम्याची डबी घेतली असेल तर ती घरीच ठेवा. पुष्कळदा तो सुरमा म्हणजे शिशाच्याच दगडाची पूड असते.