वाचकांचे प्रश्न : धुऊन वापरायचा एअर फिल्टर घ्यावा का?

प्रश्न : माझ्याकडे १२०० सीसीची चार वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. घर जालना शहरात आणि शेत बदनापूर तालुक्यात असल्यामुळे रोजच्या वाटेचा काही भाग मुरमाच्या रस्त्याचा आहे. कंपनीचा कागदी एअर फिल्टर ३५० रुपयांना मिळतो. ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने मात्र धुऊन वर्षानुवर्षे वापरता येणारा सुती फिल्टर सुचवला असून त्याची किंमत ५,५०० रुपये आहे. त्याने पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, असे तो सांगतो. घ्यावा का, आणि घ्यायचाच झाला तर काय पाहून घ्यावा?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपल्या रस्त्याचे वर्णन वाचून सल्ला आधीच देतो : कंपनीचा कागदी फिल्टरच वापरत राहा. त्याची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण एअर फिल्टर निवडताना बहुतेक जण ‘इंजिनला हवा किती जास्त मिळेल’ एवढेच विचारतात आणि ‘धूळ किती अडेल’ हा खरा प्रश्न मागे राहतो.

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी नऊ हजार लिटरांहून अधिक हवा लागते. मुरमाच्या रस्त्यावर, विशेषतः पुढे ट्रॅक्टर किंवा ट्रक चालत असताना, या हवेत जी बारीक धूळ असते तिच्यातील सिलिकाचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. ते पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्या मध्ये सापडले की दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची क्षमता, हळूहळू कमी होते आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. ही झीज दिसून येईपर्यंत काही वर्षे गेलेली असतात, त्यामुळे तिचा दोष फिल्टरला क्वचितच दिला जातो.

एअर फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. तीत किती टक्के धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला आणि फिल्टर तुंबेपर्यंत त्यात किती धूळ साठली, या तीन गोष्टी मोजल्या जातात. चांगल्या कागदी फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता सहसा ९९ टक्क्यांच्या वर असते, तर धूळ चिकटावी म्हणून तेल लावलेल्या सुती फिल्टरसाठी निर्माते साधारण ९६ ते ९९ टक्के असा आकडा देतात. हा फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनच्या दृष्टीने अडलेल्या धुळीपेक्षा आत गेलेली धूळ महत्त्वाची असते. फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली असे धरले, तर ९९.५ टक्क्यांचा फिल्टर अर्धा ग्रॅम आत सोडतो आणि ९८ टक्क्यांचा दोन ग्रॅम, म्हणजे चौपट. कॅलिफोर्नियात १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एनसारख्या कंपन्यांच्या सुती फिल्टरांचे नाव मोटारशर्यतींमधून झाले, आणि तेथे ते योग्यही आहेत, कारण शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडून दुरुस्त केले जाते. आपल्या गाडीचे इंजिन मात्र न उघडता दीड-दोन लाख किलोमीटर चालावे, अशी आपली अपेक्षा असणार.

आता पिकअपविषयी. १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर फार तर ३,६०० लिटर हवा ओढते आणि मूळ फिल्टरचा आकार तेवढी हवा सहज जाईल असाच ठरवलेला असतो. रोजच्या वापरात आपण ॲक्सिलरेटर अर्धाही दाबत नाही. त्या वेळी हवेला सर्वांत मोठा अडथळा थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा असतो, फिल्टरचा नव्हे. ॲव्हरेजबाबत तर अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा २००९ सालचा अभ्यास उपलब्ध आहे. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवूनही इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही, कारण आत येणाऱ्या हवेच्या प्रमाणातच संगणक पेट्रोल सोडतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी वेग घ्यायला जास्त वेळ लावते, एवढे मात्र दिसले. तुंबलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेज घटत नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून सुती बसवल्याने ते वाढण्याची अपेक्षा ठेवू नये.

खर्चाचा हिशेबही करून पाहा. ५,५०० रुपयांत पंधरा कागदी फिल्टर येतात. धुळीचा रस्ता म्हणून दर २०,००० किलोमीटरला एक बदलला तरी ते तीन लाख किलोमीटर पुरतील, आणि सुती फिल्टर धुण्याचे द्रव व तेल यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

तरीही धुण्याजोगा फिल्टर घ्यायचाच असेल, तर मूळ डब्यात तंतोतंत बसणारा घ्यावा. बोनेटखाली उघडा राहणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर टाळावा, कारण तो इंजिनालगतची तापलेली हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. विक्रेत्याकडे आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे मागावेत. केवळ ‘जास्त हवा’ एवढाच दावा असलेला फिल्टर घेऊ नये. तेल न लागणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या फिल्टरला मी सुती फिल्टरपेक्षा पसंती देईन, कारण तेल कमी-जास्त होण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. सर्वांत काळजीने पाहावी ती फिल्टरची रबरी कड. ती डब्याच्या खाचेत चारही बाजूंनी घट्ट बसली नाही, तर कितीही महागडा फिल्टर निरुपयोगी ठरतो. बसवल्यावर हजारेक किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप सोडवून आतून पांढऱ्या कापडाने पुसावा. कापडाला धूळ लागली, तर तो फिल्टर त्याच दिवशी काढावा.

प्रश्न : माझ्या डिझेल एसयूव्हीत तेलाचा सुती फिल्टर आहे. तो मेकॅनिककडून धुऊन, तेल लावून बसवल्यावर आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. फिल्टर खराब झाला असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फिल्टरला दोष देण्यापूर्वी डब्याच्या सर्व क्लिपा लागल्या आहेत का आणि हवेच्या सेन्सरचा प्लग पूर्ण बसला आहे का, हे पाहावे, कारण काम झाल्यानंतर या दोन चुका नेहमी आढळतात. तेथे सर्व ठीक असेल, तर तेल जास्त झाल्याची शक्यता धरावी. फिल्टरच्या पुढे तापलेल्या तारेचा किंवा पट्टीचा सेन्सर असतो. ती किती थंड होते यावरून किती हवा आली ते कळते. तिच्यावर तेल आणि धूळ बसली की मोजमाप चुकते. हा सेन्सर खास त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करावा, कापड किंवा ब्रश मुळीच लावू नये.

पुढच्या वेळी फिल्टर स्वतः धुवा. धुण्याचे द्रव फवारून दहा मिनिटे थांबावे आणि थंड पाण्याच्या हलक्या धारेने आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर धुवावे. पेट्रोल, रॉकेल किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. सावलीत पूर्ण वाळू द्यावे; कॉम्प्रेसरची हवा किंवा हेअर ड्रायर नको. त्यानंतर प्रत्येक घडीवरून तेलाचा एकच हात फिरवून वीस मिनिटे थांबावे आणि जेथे पांढरे राहिले असेल तेवढ्याच जागी थोडे तेल द्यावे. इंजिन ऑइल त्या तेलाला पर्याय नाही. टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेल्या, गाडीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण आत गेलेली धूळ प्रथम टर्बोच्या पात्यांवर आदळते.

प्रश्न : प्रत्येक सर्व्हिसिंगला कागदी फिल्टरला हवा मारून तोच परत बसवतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. कॉम्प्रेसरच्या दाबाने कागदाचे तंतू फाटतात आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर पुढची बारीक धूळ अडवायला मदत करतो, त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो. फिल्टर बाहेर काढून पालापाचोळा आणि किडे हलकेच झटकावेत, एवढे पुरे. घड्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या असतील, कागद ओला झाला असेल किंवा कड कडक होऊन चिरली असेल, तर नवीन बसवावा आणि जुना आपल्यासमोर फेकायला सांगावा.