सॉफ्टवेअर बंद झाले, आता गाणी कशी वाचवावीत?

प्रश्न : मी अनेक वर्षांपासून घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करतो. ज्या सॉफ्टवेअरवर माझे सगळे काम झाले आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या यापुढे निघणार नाहीत, असे निर्मात्या कंपनीने जाहीर केले आहे. सध्या ते माझ्या संगणकावर नीट चालते, पण पुढची धास्ती वाटते. नवे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? माझे जुने प्रोजेक्ट त्यात उघडतील का? हा बदल आत्ताच करावा की जुने चालते आहे तोवर थांबावे?

उत्तर : नवे सॉफ्टवेअर कोणते, हे आपण सर्वांत आधी विचारले आहे, माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी येतो. जुने सॉफ्टवेअर आज उघडते आहे, हीच सध्या आपली खरी जमेची बाजू आहे, आणि ते उघडते आहे तोवर त्यातील प्रत्येक ट्रॅक (एकेका आवाजाचे किंवा वाद्याचे स्वतंत्र रेकॉर्डिंग) साध्या ध्वनिफाइलीच्या रूपात बाहेर काढून ठेवणे हे पहिले काम आहे. ते एकदा झाले की नव्या सॉफ्टवेअरची निवड सावकाश, चार ठिकाणी हात फिरवून करता येईल.

विकास थांबला म्हणून सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ते बंद पडते ते आजूबाजूचे जग बदलल्यामुळे. ॲपलने 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिना आणली, तेव्हा 32 बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, सर्व प्रोग्राम त्या संगणकांवर चालेनासे झाले आणि त्यांच्याबरोबर कितीतरी जुने प्लगइनही (मूळ सॉफ्टवेअरला जोडून वापरायचे इफेक्ट किंवा वाद्ये) गेले. त्याहून मोठी अडचण परवान्याची असते. डिस्क बिघडली किंवा संगणक बदलला की सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करावे लागते, आणि परवाना तपासणारा सर्व्हरच तोवर बंद झाला असेल तर रीतसर विकत घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही. स्वरलेखनाच्या ‘फिनाले’ या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट 2024 मध्ये थांबवण्यात आला, त्या वेळी एका वर्षानंतर नव्या संगणकावर परवाना देता येणार नाही, असे आधी सांगण्यात आले होते. वापरणाऱ्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर ती मुदत मागे घेतली गेली. प्रत्येक वेळी असे होईलच, या भरवशावर राहू नये. म्हणून इन्स्टॉलर, अनुक्रमांक आणि परवान्याची कागदपत्रे आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत, आणि सध्याच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम हे काम पूर्ण होईपर्यंत अद्ययावत करू नये.

अशी वेळ याआधीही अनेकांवर आली आहे. 2002 मध्ये ॲपलने एमॅजिक ही कंपनी घेतली आणि तिच्या ‘लॉजिक’ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची विंडोजवरील आवृत्ती बंद केली. 2017 च्या नोव्हेंबरात गिब्सन कंपनीने केकवॉक या संगीत सॉफ्टवेअर उत्पादनांचा विकास थांबवला; पुढच्या वर्षी बँडलॅब कंपनीने ते हक्क घेऊन त्यांतले ‘सोनार’ हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नव्या नावाने विनामूल्य दिले, पण जुन्या संचाबरोबर मिळणारी इतर कंपन्यांची वाद्ये आणि प्लगइन त्यात नव्हते. म्हणजे सॉफ्टवेअरला नवा धनी मिळाला तरी जुने गाणे जसेच्या तसे वाजेल, याची खात्री नसते.

आता प्रोजेक्ट फाइलीविषयी. या फाइलीत आपला आवाज सहसा नसतोच. कोणत्या ध्वनिफाइलीचा कोणता तुकडा कितव्या सेकंदाला वाजवायचा, त्याची पातळी किती, त्यावर कोणते प्लगइन कोणत्या सेटिंगने लावायचे, एवढीच नोंद तिच्यात असते. ती पुस्तकाची अनुक्रमणिका आहे, पुस्तक नव्हे. आणि ही अनुक्रमणिका प्रत्येक कंपनी आपापल्या खाजगी पद्धतीने लिहिते. त्यामुळे एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात सरळ उघडणे, ही अपेक्षा सोडून द्यावी.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेण्यासाठी मध्यस्थ फॉरमॅट आहेत, ते कुठवर उपयोगी पडतात तेही सांगतो. ओएमएफ आणि त्यानंतरचा एएएफ हे दोन्ही मुख्यतः चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कामातून आले. त्यांतून तुकड्यांच्या जागा आणि बहुधा पातळ्या नव्या ठिकाणी पोचतात, पण मिडी (कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने वाजवायचा, याची नोंद) आणि प्लगइनची सेटिंगे मागे राहतात. ओएमएफ फाइलीला 2 गिगाबाइटची मर्यादाही आहे. 2023 मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या संगीत सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी मिळून ‘डॉप्रोजेक्ट’ नावाचा खुला फॉरमॅट आणला. त्यात मिडी, ऑटोमेशन (गाणे चालू असताना पातळी वगैरे आपोआप बदलण्याची नोंद) आणि प्लगइनची स्थितीसुद्धा सोबत जाते. तो उत्तम आहे, परंतु ज्या सॉफ्टवेअरवरचे काम थांबले आहे त्यात ही सोय आता नव्याने येणार नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये यांपैकी काही उपलब्ध असेल तर ती प्रत जरूर काढावी, मात्र केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

भरवशाचा मार्ग साधा आणि थोडा कंटाळवाणा आहे : प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी आरंभापासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट करणे. बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली, तरी तिच्या फाइलीत आधीची तीन मिनिटांची शांतता असली पाहिजे. असे केले की नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व फाइली शून्यावर ठेवताच गाणे आपोआप जुळते. तुकडे हाताने सरकवत बसावे लागत नाही. शेवटच्या स्वरानंतर आणखी काही सेकंद घ्यावेत, नाहीतर रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, शेपटी मध्येच तुटते.

प्रत्येक ट्रॅकच्या दोन प्रती काढाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. एक प्रत कोरडी, म्हणजे कोणताही इफेक्ट नसलेली, दुसरी इफेक्टसह. कोरडी प्रत पुढे नव्याने मिक्सिंग करायला लागते, आणि आपल्याला तो आवाज कसा अभिप्रेत होता, हे इफेक्टची प्रत सांगते. सॉफ्टवेअरमधील वाद्ये, म्हणजे मिडीवर वाजणारी तबल्याची किंवा पियानोची प्लगइन, यांचा ध्वनीही असाच उतरवून घ्यावा, कारण सॉफ्टवेअरसोबत आलेली वाद्ये बरेचदा त्याच सॉफ्टवेअरमध्ये चालतात. रिव्हर्बचा वेगळा बस (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र जाणारी वाट) असेल तर त्याचा स्वतंत्र ट्रॅक काढावा. मास्टरवरचा, म्हणजे संपूर्ण मिक्सवर लावलेला, कॉम्प्रेसर (पातळीतले चढउतार कमी करणारा इफेक्ट) सुट्या ट्रॅकच्या वेळी बंद ठेवावा, परंतु तो चालू ठेवून अंतिम मिक्सची एक प्रतही घ्यावी, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी हाताशी राहील.

याखेरीज मिडी फाइल वेगळी काढावी. मिडी 1983 पासून प्रचारात आहे आणि जवळजवळ प्रत्येक संगीत सॉफ्टवेअर ती वाचते. तिच्यातून सुरावटीबरोबर टेम्पोचे चढउतार आणि तालचिन्हही सोबत येतात, आणि गाण्याची लय मध्ये बदलत असेल तर ही फाइल नसल्याची उणीव फार जाणवते. दुसऱ्या कंपन्यांचे प्लगइन नव्या ठिकाणीही चालू शकतात, पण त्यांची सेटिंगे त्या प्लगइनच्या स्वतःच्या मेनूतून प्रीसेट म्हणून साठवावीत. व्हीएसटी 2 या जुन्या पद्धतीने बनवलेले प्लगइन असतील तर ते नवे सॉफ्टवेअर स्वीकारते का, हे आधी पाहावे. काही निर्मात्यांनी त्यांना आधार देणे बंद केले आहे.

सॅम्पल रेट (दर सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले, तो आकडा) मूळ प्रोजेक्टचाच ठेवावा आणि प्रत्येक नमुन्यासाठी 24 बिट किंवा 32 बिट फ्लोट निवडावे. येथे नजरचूक झाली तर ती कानाला लगेच कळते : 48 किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न होता 44.1 किलोहर्ट्झने वाजली तर गाण्याची पट्टी सुमारे दीड सेमिटोनने उतरते आणि पाच मिनिटांचे गाणे जवळजवळ साडेपाच मिनिटांचे होते. जागेची चिंता फारशी नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 मेगाबाइट घेतो. म्हणजे 24 ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे 1 गिगाबाइटमध्ये मावते, कोरडी आणि इफेक्टची अशा दोन्ही प्रती धरल्या तर 2 गिगाबाइटमध्ये.

एक गोष्ट सहज निसटते. गायनाचे पाच टेक (तोच भाग पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग) घेऊन त्यांतून एक जुळवला असेल, तर एक्स्पोर्ट करताना फक्त जुळवलेला टेक बाहेर येतो. उरलेले मूक असल्यामुळे मागे राहतात. त्यांतला एखादा आपल्याला पुढे हवा असू शकेल, अशी शंका जरी असली, तरी ते टेक स्वतंत्र ट्रॅकवर टाकून उतरवून घ्यावेत. आणि काम झाल्याचे समाधान मानण्याआधी या सर्व फाइली दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घालून गाणे शेवटपर्यंत ऐकावे, विशेषतः शेवटचे आवर्तन, कारण ट्रॅक एकमेकांपासून सरकले असतील तर ते तिथे सर्वांत स्पष्ट जाणवते.

सगळ्याच गाण्यांसाठी हे करायला निघालात तर मध्येच थकून जाल. अपूर्ण राहिलेली आणि खरोखर पूर्ण करायची असलेली गाणी आधी घ्यावीत. नुसत्या प्रयोगांसाठी उघडलेल्या प्रोजेक्टचे फक्त मिक्स काढले तरी चालेल.

प्रश्न : मी नुकतेच सॉफ्टवेअर बदलले. तेच ट्रॅक, त्याच पातळ्या ठेवूनही गाणे वेगळे वाटते. मुख्य गायन मागे गेल्यासारखे ऐकू येते. नव्या सॉफ्टवेअरच्या आवाजाचा दर्जा कमी आहे का?

उत्तर : दर्जाचा प्रश्न बहुधा नसावा. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये सारखा वाटला जातो, आणि तो एका कडेला असताना जितका मोठा ऐकू येतो तितकाच मध्यभागी यावा, म्हणून बरीच सॉफ्टवेअर मध्यभागी त्याची पातळी कमी करतात. यालाच पॅन लॉ म्हणतात. कुठे ही घट 3 डेसिबल असते, कुठे 4.5, कुठे 6, तर कुठे काहीच नसते. जुन्या ठिकाणी घट शून्य आणि नव्या ठिकाणी 3 डेसिबल असेल, तर मधले गायन 3 डेसिबलने खाली येते आणि कडेची वाद्ये जागच्या जागी राहतात. आपण वर्णन केलेला अनुभव नेमका हाच आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये पॅन लॉ बदलता येतो. तो जुन्यासारखा करून पुन्हा ऐकावे.

मनातली शंका कायमची फेडायची असेल तर एक चाचणी करावी. काही मोजके ट्रॅक, इफेक्ट न लावता, दोन्ही सॉफ्टवेअरमधून एकाच पातळीवर मिक्स करून काढावेत. त्या दोन फाइली एकाखाली एक ठेवून त्यांपैकी एकीची पोलॅरिटी उलटी करावी, म्हणजे तिची ध्वनिलहर वरची खाली करावी, आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. दोन्ही सारख्या असतील तर त्या एकमेकींना पूर्णपणे रद्द करतात आणि मीटर हलत नाही. काही उरलेच, तर जे उरते तोच दोन्हींमधला फरक असतो आणि तो ऐकून कारण शोधता येते. कोरस किंवा रिव्हर्ब लावून ही चाचणी करू नये, कारण असे अनेक इफेक्ट प्रत्येक वेळी थोडे वेगळे वाजतात.

प्रश्न : एकदा फसलो, पुन्हा तीच वेळ येऊ नये असे वाटते. निवड करताना काय पाहावे?

उत्तर : कोणती कंपनी किती काळ टिकेल, याची हमी कुणालाच देता येत नाही, म्हणून बाहेर पडण्याची वाट किती सोपी आहे, ते पाहावे. सर्व ट्रॅक एकाच आज्ञेत वेव्ह फाइल म्हणून काढता येतात का, डॉप्रोजेक्ट किंवा एएएफ आहे का, इंटरनेटशिवाय परवाना चालतो का, हे प्रश्न मी आधी विचारेन. ‘रीपर’चा प्रोजेक्ट साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवला जातो आणि कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतो, ते 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते. ‘आर्डर’ मुक्त स्रोताचे आहे आणि त्याचीही नोंद एक्सएमएल मजकुरात असते, त्यामुळे कुणी पुढे चालवले नाही तरी त्यातली माहिती बंदिस्त होत नाही. ‘लॉजिक’ उत्तम असले तरी केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते, हे ध्यानात ठेवावे. ‘ऑडॅसिटी’ ध्वनीच्या काटछाटीसाठी फार सोयीचे आहे, परंतु कीबोर्डवर मिडी वाजवून गाणे रचणाऱ्याचे त्यावर भागणार नाही.

चाचणी आवृत्ती उघडून नुसते मेनू पाहू नयेत. एक लहान, नवे गाणे घेऊन ते पहिल्या क्लिकपासून अंतिम मिक्सपर्यंत त्यात पूर्ण करावे. हेडफोनमध्ये आपला आवाज उशिरा येतो का, चुकलेली एकच ओळ पुन्हा गाऊन जोडणे किती सोपे जाते, टेक निवडताना हात अडखळतो का, हे गाताना समजते, जाहिरातीतून समजत नाही. कीबोर्डच्या जुन्या शॉर्टकटची सवय फार त्रास देत असेल तर ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये हवे तसे बसवून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी ती सोय असते, आणि काही सॉफ्टवेअर तर प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटचा तयार संचच देतात. मात्र हाती घेतलेले आणि मुदतीत द्यायचे काम जुन्या सॉफ्टवेअरवरच पूर्ण करावे आणि पुढचे गाणे नव्यावर सुरू करावे.