दुर्मिळ दंतविकार ओळखण्यात करिअर होईल का?

तू डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. ओपीडीत आलेल्या १३ वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात पडतच नव्हते. सरांनी ओपीजी (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) पाहिला, मग त्याची गळपट्टीची हाडं (कॉलरबोन) चाचपली आणि क्लायडोक्रेनियल डिसप्लेसिया, म्हणजे ही हाडं आणि दात दोन्हींची वाढ बिघडवणारा जन्मजात विकार, असं निदान केलं. तेव्हापासून तुला हेच काम करावंसं वाटतंय, आणि घरचे विचारतात, ‘असे पेशंट येणार किती?’

त्यांचं चुकत नाही. निव्वळ अशा रुग्णांवर क्लिनिक चालत नाही; रोजचं काम कीड, रूट कॅनाल, वेडेवाकडे दात हेच राहणार. पण त्या गर्दीतूनच हा एखादा रुग्ण ओळखायचा असतो, आणि तो निसटला तर किंमत मोठी असते. गार्डनर सिंड्रोममध्ये जबड्यावर हाडाच्या गाठी आणि जादा दात दिसतात. आतड्यातल्या पॉलिप्सचा (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या गाठींचा) पत्ता मात्र नंतर लागतो, आणि उपचार न झाल्यास त्यांचा कर्करोग होतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा दुधाचा दात मुळासकट, मूळ न झिजता पडला, तर हायपोफॉस्फेटेशिया, म्हणजे हाडं आणि दात नीट कठीण न होण्याचा आनुवंशिक विकार, मनात यायलाच हवा. मोजके, सुळ्यासारखे टोकदार दात आणि विरळ केस दिसले, तर मुलाला घाम येतो का हे आईला विचारायचं. एक्टोडर्मल डिसप्लेसिया या जन्मजात विकाराच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात घाम कमी येतो, त्यामुळे उन्हात अंग तापून जिवावर बेतू शकतं.

तुझ्या सरांचा हात तोंडाबाहेर गेला, हीच या कामाची खरी हातोटी, आणि ती कमवता येते.

शाखा निवडताना माझा कौल ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजीला. निदान हाच तिथला मुख्य विषय आहे. मुलांमध्ये रमत असशील तर पेडोडॉन्टिक्स घे, कारण हे रुग्ण बहुधा लहानपणीच तिथे येतात. मायक्रोस्कोप आवडत असेल तरच ओरल पॅथॉलॉजी. जनुकशास्त्र मात्र कुठेही गेलीस तरी वाचावंच लागेल.

आतापासून प्रत्येक ओपीजीवर दात मोजायची सवय लाव, न उगवलेले धरून. सगळ्याच दातांचं इनॅमल (वरचं कठीण आवरण) खराब दिसलं, तर दुधाचे दातही असेच होते का, घरात आणखी कुणाचे आहेत का, हे विचार. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर अॅमेलोजेनेसिस इम्परफेक्टाची, म्हणजे इनॅमल नीट न बनण्याच्या आनुवंशिक विकाराची, शंका घे आणि केस सरांना दाखव.