वजीर मागे हटला तरी एफ७ बघा

बुद्धिबळाच्या डावात दुसऱ्याच चालीला समोरच्याने वजीर एच५ या घरावर आणला, तुमची मुलगी दहा चालींच्या आत हरली आणि आता ती काळ्या सोंगट्या घ्यायलाच घाबरते, हे वाचलं आणि माझी पहिली रेटिंग स्पर्धा डोळ्यांपुढे आली.

वजिराला हुसकवायला लगेच प्यादं जी६ला नेलं तर ई५चं आपलं प्यादं शहासकट जातं आणि मागोमाग एच८चा हत्ती, म्हणून आधी घोडा सी६, हे तिला ठाऊक असणारच. पुढे उंट सी४, आपण जी६, वजीर एफ३. खरी मेख इथे आहे. वजीर हटला की हायसं वाटतं, पण एफ७वरची मात तशीच उभी असते: आपल्या राजाशेजारच्या त्या प्याद्यावर वजीर आणि उंट दोघंही रोखून असतात.

मला एवढंच दिसलं, की सी६चा घोडा डी४ला नेला तर वजीरही मारात येतो आणि सी२चं प्यादंही. घोडा उचलला, तो हातात असतानाच एफ७ दिसलं. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. त्या घोड्याला पाच घरं होती. पाचही तपासली, एकानेही मात टळत नव्हती. शेवटी डी४लाच ठेवला.

राग आजही माझ्या क्लासचा येतो. "वजीर लवकर काढतो तो कच्चा" एवढंच वर्षभर घोकून घेतलं, पटावर मांडून एकदाही दाखवलं नाही. अशाने मुलं गाफील राहतात. २००५ साली अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने भारतीय ग्रँडमास्टर कृष्णन शशिकिरणविरुद्ध हाच वजीर काढला होता. शशिकिरण जिंकला, पण ८७ चाली लागल्या!

तेव्हा वजीर एफ३ला गेला की घोडा एफ६, दुसरं काही नाही. मग उंट जी७ आणि किल्लेकोट. पण घोडा एफ६ झाल्यावर लगेच वजीर बी३ला आला तर मात्र तोच सी६चा घोडा डी४ला चांगला: उंटाने एफ७ मारून शह दिला तर राजा ई७, वजीर सी४ला आला की बी५, आणि तो उंट आपला.

काही जण दुसऱ्या चालीला घोडा एफ६ करून प्यादं सोडतात. लहान मुलांना मी ते सुचवणार नाही. अर्थात मी प्रशिक्षक नाही, तिच्या सरांना विचारा.

घरी तुम्ही पांढऱ्या घ्या आणि रोज तिच्यावर हाच वजीर काढा. सोंगटीला हात लावण्याआधी एफ७वर कोण कोण रोखून आहे, ते तिला मोठ्याने मोजायला लावा.