76 हजारांतले तुमचे स्वतःचे किती?

लोटे परशुरामच्या वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून एका वाचकांचं पत्र आलंय. नोकरी 7 वर्षं 8 महिने, बेसिक 26 हजार, एकूण पगार 38 हजार. 'कामगिरी समाधानकारक नाही' असं सांगून एचआरने दोन पर्याय दिलेत. राजीनामा आणि फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर, सही केली तर दोन महिन्यांचा पगार, म्हणजे 76 हजार, आणि रिलीव्हिंग लेटर. नाहीतर सरळ टर्मिनेशन. शिवाय, गुहागरकडचा चुलतभाऊ हापूसच्या कलमांच्या बागेतला आपला हिस्सा विकतोय, पीएफ काढून तो हिस्सा विकत घ्यावा का, असंही विचारलंय.

तुम्ही जोडलेला हिशोबाचा कागद मी दोनदा वाचला. त्यात ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, रकानाच नाही. 'काढून टाकलेल्या माणसाला ती मिळत नाही' हे एचआरने तोंडी सांगितलं, लिहून मात्र दिलं नाही. देणारही नाहीत, कारण ते खरं नाही. कंपनीच्या मालमत्तेचं जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने नुकसान, दंगा-मारामारी, नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक असा) गुन्हा, एवढ्याच कारणांवरून काढलं असेल तर ग्रॅच्युइटी अडवता येते. काम कमी पडलं हे त्यात बसत नाही. म्हणून टर्मिनेशनचं पत्र हातात आलंच तर कारणाची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचा. लॅबमध्ये एखादी बॅच फसलेली असतेच, आणि 'कामगिरी'च्या जागी 'हलगर्जीपणा' हा शब्द सहज घुसतो. घुसला तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.

आता आकडे. बेसिकच्या 26 हजारांना महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांनी भागून 15 दिवसांनी गुणलं की एका वर्षाचे 15 हजार. वरचे 8 महिने सहा महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून तुमची वर्षं 8 धरायची. झाले 1 लाख 20 हजार. राजीनामा द्या नाहीतर ते काढोत, हे पैसे तुमचेच आहेत.

नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे. कंपनीने तडकाफडकी काढलं तर त्या महिन्याचे 38 हजार तिला द्यावे लागतील. म्हणजे 76 हजारांतले निम्मे तसेही येणारच होते, खरी सवलत 38 हजारांची. उलट तुम्ही राजीनामा दिलात की नोटीस तुमच्याकडून देणं लागते, आणि ती माफ केल्याचं कागदावर कुठेच नाही. उद्या तेवढीच रक्कम कापली तर?

तरी मी राजीनाम्याच्या विरुद्ध नाही. पुढची कंपनी जुन्या नोकरीची चौकशी करते, तेव्हा त्या शब्दाला किंमत असते. पण सही करण्याआधी कागदात तीन गोष्टी येऊ द्या: ग्रॅच्युइटीचा आकडा, नोटीस माफ केल्याची ओळ, आणि अनुभवाचा दाखला कोणत्या तारखेला देणार ते. 'आता माझं कंपनीकडे काहीही येणं नाही' हे वाक्य पैसे खात्यात पडेपर्यंत नको. तशा सहीने ग्रॅच्युइटीचा कायदेशीर हक्क जात नाही, पण तो मिळवायला मग हेलपाटे घालावे लागतात. सही करावीच लागली तर शेजारी स्वतःच्या हाताने 'हक्क राखून' लिहा आणि मोबाईलवर फोटो घ्या. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर मात्र अजिबात सही नको. उरलेला पगार नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत मिळायला हवी. नाही आली तर कामगार खात्यात अर्ज.

वडिलांना मधुमेह आहे आणि ते कंपनीच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीत आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ते बागेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते शेवटच्या दिवसाआधी विचारा.

बागेसाठी पीएफ काढू नका. 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज जाहीर झालं होतं, आणि नोकरी सुटली म्हणून ते लगेच थांबत नाही. अगदीच अडलं तर 75 टक्क्यांपर्यंत काढता येतात. पेन्शनच्या भागाला तर हात लावू नका. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा भरायला तुम्हाला अडीच वर्षंही उरली नाहीत, पुढच्या नोकरीत ती जोडली जाईल. ती रक्कम आज काढली की मोजणी पुन्हा शून्यापासून. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पीएफच्या पोर्टलवर टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता.

हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष हुलकावणी. फवारणी, राखण आणि पेट्यांचा खर्च मात्र दरसाल. त्यात सातबाऱ्यावर पाच जणांची नावं आणि वाटणी झालेली नाही, मग नक्की कोणती कलमं विकत घेणार? घरात दुसरा पगार नसताना हा जुगार मला पटत नाही. ग्रॅच्युइटी आली की सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवा. चुलतभावाला सांगा, आधी वाटणी करून घेऊ, मग मोहोर बघून बोलू.