पहिलं निपल पिअर्सिंग: दुखण्याचं सोड, पुढच्या वर्षाचं बोलू

तू चार गोष्टी विचारल्या आहेस. किती दुखेल, मॉलजवळच्या दुकानात गनने स्वस्तात करून देतात ते चालेल का, पुढे बाळाला पाजताना अडचण येईल का आणि घरी आईला न कळता हे निभावेल का. माझं करून बरीच वर्षं झाली, त्यानंतर मैत्रिणींसोबत स्टुडिओतही बसले आहे. त्या जोरावर लिहिते.

दुखतं. कानाच्या पाळीपेक्षा बरंच जास्त, पण ते काही सेकंदांचं असतं. सुई आत जाते तेव्हा एक तीव्र कळ येते, दागिना सरकवताना दुसरी, मग तासभर आग होते. दोन्ही बाजू करणार असशील तर दुसरी जास्त जाणवते, कारण तोवर शरीराला काय येणार आहे ते कळलेलं असतं. पोटभर जेवून जा. आदल्या दिवशी दारू नको, डॉक्टरांनी सांगितलेली नसेल तर अ‍ॅस्पिरिनही नको. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती दुखरी असते, त्यामुळे पाळी संपल्यावरचा आठवडा बरा.

पण मला काळजी वाटते ती त्या काही सेकंदांची नाही. ही जखम पूर्ण भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, कुणाकुणाला त्याहूनही जास्त. कानाच्या पाळीला दीड-दोन महिने पुरतात, म्हणून आपण तोच हिशोब इथे लावतो आणि फसतो. दोन-तीन महिन्यांत बाहेरून सगळं छान दिसायला लागतं, पण आतली कातडी तेव्हा अजून कोवळीच असते. बहुतेक मुली याच टप्प्यावर हौसेने दागिना बदलतात आणि त्रास सुरू होतो. वर्षभर सांभाळायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचार. परीक्षा, लग्नसराई किंवा लांबचा प्रवास तोंडावर असेल तर थांब.

गनने तर अजिबात करू नकोस. गनमधला स्टड बोथट असतो, तो मांस चिरडत आत जातो. शिवाय प्लास्टिकचे भाग असलेली ही गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, निर्जंतुक करता येत नाही, म्हणजे आधीच्या माणसाचं रक्त तिच्यावर राहू शकतं. हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात. स्तनाग्रासाठी एकदाच वापरायची पोकळ सुईच हवी आणि तिचं सीलबंद पाकीट तुझ्यासमोर फुटलं पाहिजे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही बघून घे. रक्तदान करत असशील तर पिअर्सिंगनंतर वर्षभर करता येणार नाही.

स्टुडिओ निवडताना इन्स्टाग्रामवरचे ताजे फोटो बघून भुलू नकोस. भरलेल्या, वर्षभर जुन्या पिअर्सिंगचे फोटो माग. ऑटोक्लेव्ह आहे का आणि त्याची स्पोअर टेस्ट, म्हणजे ते जंतू खरंच मारतं का याची चाचणी, कधी झाली, ते सरळ विचार. चांगल्या पिअर्सरला या प्रश्नांचा राग येत नाही. जो चिडेल त्याच्याकडून उठून ये. मैत्रिणीला सोबत ने. खोलीचं दार बंद होतं का, हातमोजे नवे घातले का, गरजेपुरतंच उघडायला सांगतात का, याकडे तिचंही लक्ष असू दे. पेनाने खूण करतात ती तू उभी किंवा ताठ बसलेली असताना, आडवी असताना नाही, कारण आडवं झाल्यावर छातीचा आकार बदलतो. खूण आरशात बघ, वाकडी वाटली तर पुसायला लाव. छिद्र स्तनाग्राच्या बुडाशी हवं. फार वरवर घेतलं तर शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलतं, फार खोल गेलं तर भोवतालच्या गडद भागात जखम होऊन ती चिघळत राहते. स्तनाग्रं आत वळलेली असतील तर ते आधी सांग, तशा केसचा अनुभव असलेलाच माणूस हवा.

दागिन्यात काटकसर नको. सरळ बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना गोळी असलेली दांडी हवी, रिंग नाही, रिंग जखमेत सतत फिरत राहते. जाडी साधारण १४ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर. बारीक तार दिसायला नाजूक असते, पण ओढ बसली की तारेने साबण कापावा तशी मांस कापत जाते. धातू इम्प्लांट दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवायला चालणारं टायटॅनियम, त्याचं मानक एएसटीएम एफ१३६. नुसतं ‘सर्जिकल स्टील’ म्हणून जे मिळतं त्यात निकेल असतं. आर्टिफिशियल कानातल्यांनी तुझे कान खाजत असतील तर ते तुला चालणार नाही. सोन्याचा मुलामा दिलेलंही नको, मुलामा उडतो. सुरुवातीला बारबेल थोडा लांब असतो, कारण सूज येते. सूज उतरल्यावर त्याच पिअर्सरकडून तो छोटा करून घे, नाहीतर तो कपड्यात अडकत राहतो.

आता काळजी. आजीने कान टोचल्यावर हळद-खोबरेल लावलं असेल, इथे ते नको. तेलाने छिद्राचं तोंड बुजतं, हळदीचे कण आत बसतात. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, सोफ्रामायसिन, यातलं काहीच नको. मेडिकलमधून ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन आण, लहान पॅक घे, कारण उघडलेली बाटली दिवसेंदिवस निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ-पाणी करू नकोस, प्रमाण चुकतं. दिवसातून दोनदा, हात साबणाने धुऊन, सलाइनने भिजव, जमलेली खपली मऊ झाली की गॉजने अलगद टिप. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. दागिना फिरवायचा नाही, खपली नखाने काढायची नाही. फिकट पिवळसर चिकट पाणी येणं सुरुवातीला साहजिक आहे, तो पू नाही.

आपल्याकडचा मे महिना आणि पावसाळा दोन्ही या जखमेला जड जातात. मेमध्ये घाम, जुलैमध्ये न वाळलेली अंतर्वस्त्रं. दमट ब्रा कधीच घालू नकोस. सुती, शिवण न टोचणारी, रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हवी. लेस टाळ. सगळ्यात जास्त अपघात होतात ते टॉवेल, आंघोळीची जाळी, ओढणी आणि सॅकच्या पट्ट्याने. लोकलने जात असशील तर गर्दीत सॅक पुढे घेताना जपून. स्विमिंग पूल, नदी, गोव्याचा समुद्र, सगळं जखम भरेपर्यंत बंद. जोडीदारालाही हे स्पष्ट सांग, तोंड लावणं या काळात नाही.

पाजण्याबद्दल. बहुतेक बायका पुढे पाजू शकतात, कारण दूध एकाच नळीतून नाही, अनेक नळ्यांमधून येतं. काही नळ्या व्रणामुळे बंद होऊ शकतात, कधी दूध छिद्रांतूनही झिरपतं. पाजताना दागिना काढलेलाच हवा, सुटून बाळाच्या घशात जाण्याचा धोका असतो. पुढच्या वर्ष-दीड वर्षात मूल हवं असेल तर आत्ता करू नकोस. गरोदरपणात आणि पाजत असताना तर नाहीच. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ करायची गोळी किंवा घरात कुणाला केलॉइड (जखमेवर वाढत जाणारा जाड व्रण) होत असेल तर आधी डॉक्टरांशी बोल.

आणि आई. तिला सांगायचं की नाही हे तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण लपवण्यापायी डॉक्टरकडे जायला उशीर करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. लाली पसरत गेली, भाग गरम आणि टणक लागला, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी जनरल सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठ. दागिना स्वतः काढू नकोस, छिद्र बुजून पू आत कोंडतो आणि गळू होतं. काही वेळा पाण्यात-मातीत आढळणारे, क्षयाच्या जंतूंच्या कुळातले जंतू शिरतात. त्यांची गाठ काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने बरी होत नाही. म्हणून पिअर्सिंग कधी केलं ते डॉक्टरांना न लाजता सांग, पूची तपासणी करून घे. लाजेपायी कुणी मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन दिवस काढले, की तेवढ्यात साधं दुखणं चीर देण्यापर्यंत जातं.

स्टुडिओ ठरला की ते कोणता धातू आणि किती लांबीचा बारबेल घालणार आहेत ते इथे लिही, मी बघून सांगते. सलाइन आणि गॉज मात्र जाण्याआधीच घरात आणून ठेव.